दाणा फुटण्याचा आवाज

कॉफी भाजताना शांतता लागते, आणि आमच्या मळ्यात शांतता झाली की बिबट्या येतो. या दोन गोष्टी एकाच अंगणात कशा नांदणार, याचा विचार मी आधी करायला हवा होता. पण मला तेव्हा कॉफीचं वेड लागलं होतं, आणि वेड लागलेल्या माणसाला आजूबाजूचा ऊस दिसत नाही.

आमचा मळा पिंपळवंडी गावाच्या बाहेर आहे. तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला विहीर आणि रस्त्याकडे जाणारी गाडीवाट. बाबा गेल्यावर आई तिथे एकटी राहायला लागली. माझी बंगळूरची नोकरी घरूनही करता येईल असं कळल्यावर मी तिच्याकडे येऊन राहिले. गावात सगळे म्हणतात, पोरगी आईसाठी आली. आई म्हणते, "भाडं भरून कटाळली, म्हणून आलीय." थोडं थोडं दोन्ही खरं आहे.

बंगळूरने मला दोन सवयी लावल्या. एक रहदारीला शिव्या घालायची, ती इथे निरुपयोगी. दुसरी काळ्या कॉफीची. आमच्याकडे कॉफी म्हणजे ताप उतरल्यावर मिळणारं, जायफळ घातलेलं गोड दूध. तेव्हा माझ्या एका मैत्रिणीने, तिच्या घरचे कॉफीचे मळे आहेत, कच्च्या बियांची पिशवी पाठवली आणि वर सांगितलं, घरीच भाज, सोपं असतं. तिच्यासाठी सोपं असेल. आईने पिशवीत हात घातला, चार हिरवट दाणे तळहातावर फिरवले, वास घेतला आणि म्हणाली, "ह्याला तर नुसता गवताचा वास. ह्याची कापी व्हती?"

पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात भाजायला बसले. धूर आणि सालपटं इतकी उडाली की आईने मला शेगडीसकट अंगणात हाकललं. मोठ्या आचेवर दाणे बाहेरून काळे झाले आणि आतून कच्चेच राहिले. पुढच्या वेळी भीतीने आच इतकी बारीक ठेवली की दाण्यांना रंग आला, पण ते फुटलेच नाहीत. त्यांची कॉफी ओल्या पोत्यासारखी लागली. आईने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि चहाचं आधण ठेवलं. ते आधण मला जास्त झोंबलं.

मग मी हट्टाला पेटले. तापमान दाखवणारी, तारेची सळई असलेली एक डबी मागवली. हळूहळू लक्षात आलं की डबी कढईचं खरं सांगते, दाण्याचं नाही. कढई तापलेली असते, दाणे पडले की पारा धाडकन उतरतो, मग परत चढायला लागतो. आपण आता दिलेली आच दाण्याला आत्ता लागत नाही, थोड्या वेळाने लागते. म्हणजे उद्याच्या भुकेचा स्वयंपाक आज करायचा, तसं. आधी गवताचा वास येतो, मग भाकरी फुगतानाचा, मग दालचिनीसारखा रंग चढतो. इथे आच कमी करायची. कारण यानंतर दाणा स्वतःच्याच उष्णतेने पळत सुटतो आणि मग त्याला आवरणं आपल्या हातात राहत नाही.

आणि मग दाणा फुटतो. पहिला आवाज ज्वारीच्या लाहीसारखा, मोकळा. तड. मग दुसरीकडून तड. मग सगळ्या कढईत तडतड. तो ओसरला की थोडा वेळ शांतता असते, आणि त्या शांततेत कधीतरी कॉफी उतरवायची. उतरवली नाही तर दुसरा आवाज सुरू होतो. तो अगदी बारीक असतो. सुक्या पाचटावर कुणीतरी जपून पाय ठेवावा, तसा. तो ऐकू आला की समजायचं, उशीर झाला.

डोळ्यांनी यातलं काही नीट कळत नाही, संध्याकाळच्या उजेडात तर नाहीच. सगळा खेळ कानाचा आहे. आणि मला वेळ मिळायचा संध्याकाळीच, कारण दिवसभर मी कंपनीच्या बैठकांमध्ये मान हलवत बसलेली असायचे.

आता बिबट्याचं सांगते. आमच्याकडे त्याला बिबट्या फक्त वर्तमानपत्रवाले म्हणतात, माणसं वाघच म्हणतात. तो उसात जन्मतो, उसातच वाढतो, डोंगर त्याने बघितलेला नसतो. त्यामुळे त्याच्याबरोबर राहायच्या रीती सगळ्यांना पाठ आहेत. शेतात जाताना मोबाइलवर गाणी लावायची. मोठ्याने बोलायचं, बरोबर कुणी नसलं तरी. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायचा. आणि उसाच्या कडेला एकट्याने वाकून काम करायचं नाही, कारण वाकलेला माणूस त्याला चार पायांचा वाटतो. महाळुंगे पडवळला, माझ्या आजोळी, मामाची शेळी ऐन दुपारी गोठ्याच्या दारातून गेली तेव्हा मामा तिथेच बसून जेवत होता. त्याला फक्त दावं हललेलं दिसलं.

म्हणून दादाने आम्हाला गाण्यांचा डबा आणून दिला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, चाकणला असतो. डब्याला पुढून निळे दिवे, गाण्याच्या ठेक्यावर ते लुकलुकतात. पेनड्राइव्हमध्ये दुकानदाराने काय काय भरलंय देव जाणे, अभंग संपला की एकदम डीजेचं गाणं सुरू होतं. दिवेलागणीच्या आधी तो पडवीच्या खुंटीला टांगायचा, आवाज पूर्ण करायचा आणि दार लावेपर्यंत बंद करायचा नाही. हा दादाचा नियम. कारण त्याला खरं तर आई मळ्यात नकोच होती. चाकणला चौथ्या मजल्यावर त्याने तिच्यासाठी खोली काढून ठेवली होती.

आईने त्याला एकदाच उत्तर दिलं होतं, जेवताना, सगळ्यांच्या देखत. "तुझ्या बापाला न्हाई कळायचा, पर मला उसात वाघ हलला की कळतो. माझं कान हायेत तवर मी हितं. ज्या दिशी मला त्याची चाहूल लागायची न्हाई, त्या दिशी न्या मला. मी व्हय का न्हाय म्हनायची न्हाई." दादाने ते कबूल केलं. चौथ्या मजल्यावर आई किती दिवस जगेल हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण शब्द तिने स्वतःच दिला होता.

तर मी कॉफी भाजत होते आणि डबा किंचाळत होता. त्या गोंगाटात मला दाण्याचा आवाज मिळेना. एका संध्याकाळी वैतागून मी डब्याचा आवाज शून्यावर आणला. बंद केला नाही, कारण दिवे विझले असते आणि आईने मला सोडलं नसतं. थोडा वेळच तर प्रश्न होता.

एकदम सगळं लांब गेल्यासारखं झालं. उसाची पानं घासल्याचा आवाज, विहिरीत टपकणारं पाणी, दावणीच्या शेळीचं रवंथ. मी आच कमी केली आणि कान दिला. तड. मला इतका आनंद झाला की मी आईकडे वळून बघितलं. ती पडवीत मेथी निवडत बसली होती, नजर डब्यावर. आणि तिचा एक हात मांडीवर ठेका धरत होता. निळा दिवा लागला की बोटं पडायची, विझला की उचलायची.

वाटलं, मनातल्या मनात काही म्हणत असेल. तेवढ्यात ती म्हणाली, "ह्या बुवाचा आवाज लई गोड हाय. तुझ्या बापावानीच वर चढिवतो."

अंगणात कुणाचाही आवाज नव्हता. फक्त कढईतले दाणे फुटत होते.

बहिरेपण माझ्या डोक्यात आलंच नाही. खरं सांगते, आधी मी उसाकडे बघितलं, तिथून खरंच कुणी गातंय का म्हणून. बाबा भजनी मंडळात म्हणायचे, आणि त्यांचा आवाज वर चढला की थोडा फाटायचा. आई त्या फाटलेल्या जागेवर मान हलवायची तशीच आता हलवत होती. कढईत दुसरा आवाज सुरू झाला, दाणे तेलकट काळे पडले, आणि मी उलथणं हातात धरून नुसती बघत राहिले.

पुढचे काही दिवस मी चोरासारखी तिच्या मागे मागे फिरले. पाठीमागून हळूच हाक मारली. मग मोठ्याने मारली. एकदा पितळी परात मुद्दाम खाली पाडली. शेळी उडाली, आई चूल फुंकत राहिली. समोर आले की मात्र कुजबुजलेलंही तिला कळायचं, कारण ती माझ्या ओठांकडे बघायची. मग एकेक उमगत गेलं. दादाचा फोन आला की "तूच बोल, माझं हात पिठात हायेत." कुणी आलं की आधी हीच बोलायला सुरुवात करणार, म्हणजे उत्तर द्यायची पाळी येत नाही. आणि आमचं कुत्रं. कुत्रं उठलं की ती उठायची, कुत्र्याने कान टवकारले की ती उसाकडे बघायची. कुत्र्याच्या कानांवर आमचं घर चाललं होतं, आणि आम्ही तिच्या कानांचं कौतुक करत होतो.

टिटवी डोक्यावरून ओरडत गेली की आई हमखास म्हणायची, "तुझ्या तोंडात माती पडो." ते म्हणणं केव्हा थांबलं, माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

याहून वाईट होतं ते दुसरंच. अधूनमधून ती भाकरी थापता थापता थांबायची आणि म्हणायची, "हिरीवर कोन हाक मारतंय गं?" मी जाऊन बघायचे, कुणी नसायचं. आधी मी हसून सोडून द्यायचे. आता कळत होतं की बाहेरचं सगळं बंद झालंय आणि आतलं चालू आहे. ती त्या आतल्या हाकेला उत्तर द्यायची, "आले, आले" म्हणत पदराला हात पुसायची. मला विहिरीकडे बघवेना. कुणीही नसलेल्या विहिरीची एवढी भीती मला लहानपणीही वाटली नव्हती.

एकदा समोर बसून विचारलं, "आई, तुला नीट ऐकू येतं ना?"

तिने माझ्या ओठांवरची नजर काढली. "तुझ्यापरीस जास्त येतं," म्हणाली आणि उठून गेली.

कानाचं मशीन घेऊ म्हणावं, तर त्यासाठी आधी ऐकू येत नाही हे कबूल करायला हवं, आणि कबूल केलं की तिने दिलेला शब्द तिच्याच गळ्याशी येणार. दादाला सांगितलं तर आई जाणार. नाही सांगितलं तर ती रोज उसाच्या कडेला बिनकानाची वावरणार. मला दोन्हीचा राग येत होता. तिचाही येत होता. शेवटी ठरवलं, रविवारी दादा येणार आहे, त्याला सांगायचं. चांगली कॉफी करायची, समोर बसवायचं आणि सांगायचं. कॉफीने काय सोपं होणार होतं ते मलाही माहीत नाही, पण कॉफीशिवाय माझं तोंड उघडलं नसतं एवढं खरं.

म्हणून शनिवारी संध्याकाळी मी शेगडी मांडली. थंडीचे दिवस, वारा जवळजवळ पडलेला, धूर वर जायचा सोडून जमिनीसरपट पसरत होता. मी सवयीने डब्याचा आवाज शून्यावर आणला. इतकं सगळं कळूनही आणला. कॉफी बिघडायला नको होती, दुसरं कारण नाही.

आई खुरपं आणि पाटी घेऊन निघाली. "उद्या मानसं येनार, सकाळी कुठला येळ? शेळीला घास आत्ताच कापून आनते." घासाचा वाफा विहिरीच्या पलीकडे, अगदी उसाला लागून. ती कुत्र्याला यू यू करत होती, पण कुत्रं मी बसले होते त्या बाकड्याखाली शिरून बसलं. "मेल्या, थंडी वाजती व्हय?" म्हणाली आणि एकटीच गेली. मी मान वर केली नाही. दाण्यांना भाकरीचा वास सुटला होता.

आच कमी केली. पहिला दाणा फुटला. मग दुसरा. इतका सुरेख, एकसारखा फुटत गेला की मी स्वतःवर खूश झाले. मग तो ओसरला आणि मी शांततेत कान लावला.

शांतता जास्त होती. रातकिडे थांबले होते. शेळी रवंथ करायची थांबली होती आणि कान पुढे करून विहिरीच्या दिशेने बघत होती. बाकड्याखाली कुत्र्याचं अंग थरथरत होतं, ते माझ्या पायाला लागत होतं. टिटवी वाफ्यावरून ओरडत गेली, परत फिरली, परत ओरडली. आई वाकून घास कापत होती. तिने वर बघितलं नाही.

तिच्या मागे उसाचे शेंडे हलत होते. सगळे नाही. वारा असता तर सगळे हलले असते. एका रेघेत, थोडे हलायचे आणि थांबायचे. आई वाफ्यात एक पाऊल पुढे सरकली की ते थोडे हलायचे. ती थांबली की थांबायचे.

मी हाक मारली. मग ओरडले. मग मला येतात त्या सगळ्या आवाजांत ओरडले. डब्याचा आवाज पूर्ण केला, डीजेचं गाणं अंगणात फुटलं. शेंडे हलायचे थांबले. पण ते मागे गेले नाहीत. आई वाकलेलीच होती. मला एवढंच हवं होतं की तिने उठून उभं राहावं, बाकी काही नको. मी उलथणं घेऊन निघाले, वाटेतली बादली बडवत, पण विहिरीला वळसा घालावा लागतो आणि त्या वळशात क्षणभर ती दिसेनाशी होते. मी आई, आई असं म्हणत होते, आणि ते आता हाक म्हणून नव्हतं.

विहिरीच्या पलीकडे आले तेव्हा आई उभी होती.

ती माझ्याकडे नाही, घराकडे बघत होती, नाक वर करून. मलाही तेव्हाच तो वास आला. मी सोडून आलेली कढई जळत होती, आणि तिचा काळा धूर जमिनीवरून सरपटत थेट वाफ्यापर्यंत आला होता. तिच्या मागे उसाचे शेंडे एकदा हलले, मग आणखी आत, मग त्याहून लांब कालव्याच्या बाजूला. मग रातकिडे सुरू झाले.

"जाळलीस न्हवं?" ती पाटी उचलत म्हणाली. घरातून गाणं इतकं मोठ्याने येत होतं की मळा दणाणत होता, आणि ती नेहमीच्या बारीक आवाजात बोलत होती. "समद्या रानात वास सुटलाय. येवढी म्हागाची कापी." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. हातातल्या उलथण्याकडे, अनवाणी पायांकडे. "आनि येवढं पळत कशाला यायचं? हाक मारायची व्हतीस. आले असते की."

मला रडू फुटलं. मी तिचे दोन्ही दंड धरले, तिचं तोंड माझ्याकडे केलं आणि ओठ नीट हलवत सांगितलं, "मारल्या गं, आई. लई मारल्या."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी बोलायची थांबले तरी बघत राहिली. मग तिने वळून उसाकडे बघितलं, टिटवी अजून घिरट्या घालत होती तिकडे बघितलं, आणि खाली वाफ्याच्या कडेच्या ओल्या मातीकडे. तिथे काय होतं ते मी पाहिलं नाही. तिने पाहिलं. तिच्या हातातून खुरपं पाटीत पडलं.

"उद्या दादाला तू काय बोलू नगं," ती म्हणाली. "माझं मी सांगते."

मी पाटी घेतली. त्या वाटेवर नेहमी ती पुढे आणि मी मागे असायचे. ती थांबली आणि मला हाताने पुढे ढकललं.

"तू म्होरं चाल," म्हणाली. "मला दिसत ऱ्हा."